परदेशी परफॉर्मन्स गाडी मुंबईत कितीला पडेल? किंमत जाहीर होण्याआधीच अंदाज बांधण्याची रीत

युरोपात एखादी वेगवान गाडी जाहीर झाली की आपल्या ग्रुपवर लगेच गणितं सुरू होतात. युरोतली किंमत घ्यायची, शंभराने गुणायचं, वर 'दोनशे टक्के ड्युटी' लावायची आणि 'दोन कोटी होतील, सोडून द्या' म्हणून मोकळं व्हायचं. याच्या उलट टोकाला शोरूममधला मुलगा. तो 'सर, एक्सपेक्टेड एक कोटीच्या आत' असं छातीठोक सांगतो आणि ऑन-रोड विचारलं की वरिष्ठांना विचारायला आत जातो. या दोघांच्या भरवशावर एफडी मोडायची नसते. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर एका संध्याकाळी स्वतःचा आकडा काढता येतो, आणि तो बऱ्यापैकी जवळ जातो.

हा लेख कंपनीच्या अधिकृत डीलरकडून नवी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या नावावर परदेशातून गाडी मागवणं हे वेगळं प्रकरण आहे, त्यात इथे शिरत नाही.

जवळ हे असू द्या: गाडीचं ब्रिटनमधलं ब्रोशर, जर्मनीतली व्हॅटसकट किंमत, त्याच कंपनीची भारतात आधी आलेली तशीच एखादी गाडी आणि तिच्या दोन्हीकडच्या किमती, साधा कॅल्क्युलेटर. शिवाय सुताराकडचा लोखंडी टेप. तो कशाला ते पुढे येईल.

१. गाडी अख्खी येणार की सुटी, ते आधी शोधा

अख्खी तयार होऊन जहाजातून उतरते ती सीबीयू. सुटे भाग आणून इथल्या कारखान्यात जोडतात ती सीकेडी. पूर्ण गाडीवर लागणारी ड्युटी आणि सुट्या भागांवरची ड्युटी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, त्यामुळे हा एक प्रश्न सुटला की अर्धं कोडं सुटतं.

स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस बघा. २०१७ मध्ये २३० पीएसची आरएस औरंगाबादच्या कारखान्यात जोडली जायची आणि २४.६२ लाखांना आली. २०२० मध्ये २४५ पीएसची आली ती थेट आयात होऊन, फक्त २०० गाड्या, किंमत ३५.९९ लाख. ऑक्टोबर २०२५ मध्ये २६५ पीएसची, १०० गाड्या, ४९.९९ लाख. नाव तेच, बिल्ला तोच. मधल्या काळात गाडी सुधारली आणि महागाईही वाढली हे खरं, पण पहिली मोठी उडी आली ती जोडणी बंद होऊन आयात सुरू झाल्यावर. बीएमडब्ल्यूकडेही हेच दिसतं. एम३४०आय चेन्नईत जोडली जाते आणि २०२१ मध्ये ६२.९० लाखांना आली. एम२ आकाराने तिच्याहून लहान, पण आयात होते म्हणून बरीच महाग.

ओळखायचं कसं? कंपनीने मोजक्याच गाड्यांचा आकडा जाहीर केला असेल तर ती बहुतेक सीबीयूच. एका कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या भारतातली संपूर्ण होमोलोगेशन चाचणी (गाडी इथल्या नियमांत बसते का, याची मान्यता चाचणी) न करता आणता येतात, अट अशी की गाडी उजव्या स्टिअरिंगची असावी आणि मान्य परदेशी मानकांत बसणारी असावी. थोड्या संख्येने येणाऱ्या शौकीन गाड्या या दारानेच आत येतात. म्हणूनच 'पुढच्या लॉटमध्ये घेऊ' या आशेवर फार राहू नका. कोटा दुसऱ्या एखाद्या मॉडेलला गेला तर पुढचा लॉट येतच नाही.

२. बिल्ला नव्हे, कारखान्याचा देश बघा

व्यापार करारांच्या बातम्या वाचून लोक फसतात ते इथे. ब्रिटनबरोबरच्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्यात मोटारींवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरते, पण ठरलेल्या कोट्यापुरतीच. हा फायदा गाडी ब्रिटनमध्ये बनली असेल तरच. युरोपीय संघाबरोबरच्या कराराच्या बातम्याही तुमच्या कानावर आल्या असतील. त्या वाचून एम२ स्वस्त होईल म्हणून थांबला असाल तर एवढं बघा, की एम२ जर्मनीत बनतच नाही. ती मेक्सिकोतल्या सान लुईस पोतोसीच्या कारखान्यातून येते.

३. करांची साखळी एकदा नीट समजून घ्या

'दोनशे टक्के ड्युटी' हा शब्दप्रयोग विसरा. प्रत्यक्षात असं आहे:

बंदरापर्यंतची किंमत म्हणजे गाडी, विमा आणि जहाजभाडं मिळून सीआयएफ. ही ४०,००० डॉलरच्या वर असेल तर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, एकूण ११० टक्के. पेट्रोल इंजिन ३,००० सीसीच्या वर असेल तरी गाडी वरच्याच गटात धरतात. त्याखालच्या गाड्यांना ७० टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर 'लक्झरी गाड्यांची ड्युटी घटली' अशी ओरड झाली होती. मूळ शुल्क घटलं हे खरं, पण उपकर जोडल्यावर बेरीज होती तिथेच राहिली.

या सगळ्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सरळ ४० टक्के, त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि सेस मिळून ४८ ते ५० होतं. बंदरावर भरलेल्या जीएसटीची वजावट कंपनीला मिळते, पण शेवटी तुमच्या बिलातल्या पूर्ण रकमेवर, म्हणजे कंपनीच्या आणि डीलरच्या नफ्यावरही, हा कर बसतोच.

४०,००० डॉलरची रेषा फार महत्त्वाची आहे. रेषेच्या एक पाऊल अलीकडे ७० आणि पलीकडे ११०. अमुक फीचर भारतात का दिलं नाही याचं उत्तर पुष्कळदा या रेषेत सापडतं. सनरूफ किंवा भारी सीट टाकली आणि गाडी रेषा ओलांडून गेली तर ग्राहकाला लाखो रुपये जास्त मोजावे लागतात.

आणखी एक. डॉलर-युरोचा भाव मोबाइलवर दिसतो तो धरत नाहीत. सीमाशुल्क खातं ठरावीक काळाने स्वतःचे विनिमय दर जाहीर करतं, तेच लागू होतात.

४. आता उलटा हिशेब

सगळ्या लेखातली ही पायरी सावकाश वाचा.

परदेशातली शोरूम किंमत म्हणजे बंदरावरची किंमत नव्हे. तिथल्या किमतीत तिथला व्हॅट असतो, तिथल्या डीलरचा नफा असतो, तिथल्या कंपनीचा जाहिरात खर्च असतो. कंपनी स्वतःच्याच भारतीय शाखेला गाडी विकते ती यापेक्षा पुष्कळ कमी भावाने. किती कमी, ते कंपनी सांगत नाही, पण काढता येतं.

एम२ घ्या. २०२२ मध्ये जर्मनीत ती जाहीर झाली ७२,८०० युरोला. १९ टक्के व्हॅट काढा, उरले साधारण ६१,२०० युरो. ९० रुपयांच्या भावाने ५५ लाख. मे २०२३ मध्ये भारतात एक्स-शोरूम किंमत ९८ लाखांपासून सुरू झाली. तेव्हा जीएसटी-सेस मिळून ४८ टक्के होते, म्हणून ९८ ला १.४८ ने भागा, आले ६६.२ लाख. त्यातून ११० टक्के ड्युटी काढायला २.१ ने भागलं तर ३१.५ लाख येतात, पण तेव्हाच्या साधारण ८२ रुपयांच्या डॉलरने ४०,००० डॉलरची रेषा ३३ लाखांच्या आसपास होती, म्हणजे गाडी रेषेखालची आणि ड्युटी ७० टक्केच. यात भारतातल्या कंपनीचा आणि डीलरचा नफा शून्य धरलाय. नफा धरला तर ती रेषेवर जाणं आणखी अवघड, म्हणजे गाडी बंदरावर जास्तीत जास्त ३३ लाखांना पडली असणार. जर्मनीतल्या करमुक्त ५५ लाखांपुढे हे फार तर साठ टक्के झालं. ५५ लाखांवरच सगळी साखळी चढवली असती तर आकडा १ कोटी ७० लाखांच्या वर गेला असता. ग्रुपवरचे 'दोन कोटी' तिथूनच येतात.

मग नव्या गाडीसाठी काय करायचं? त्याच कंपनीच्या जुन्या गाडीचं गुणोत्तर काढायचं. एम२ चं ९८ भागिले ५५, म्हणजे १.७८. हे जुन्या जीएसटीतलं आहे. १.४० ने गुणून १.४८ ने भागलं की आजचं गुणोत्तर १.६८.

समजा त्याच कंपनीची, त्याच ड्युटीच्या गटातली नवी गाडी जर्मनीत ८०,००० युरोला आली. व्हॅट काढून ६७,२०० युरो. सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपये धरू, ६७.२ लाख. गुणिले १.६८, झाले १ कोटी १३ लाख. वर-खाली दहा टक्के धरा, म्हणजे १ कोटी २ लाख ते १ कोटी २४ लाख. एवढ्या पट्ट्यात आलात तर पुरे. याहून बारीक आकडा सांगणारा माणूस एकतर कंपनीत आहे किंवा थापा मारतोय.

एका कंपनीचं गुणोत्तर दुसरीला लावू नका, प्रत्येकीचं धोरण वेगळं. आणि रेषेखालच्या गाडीचं गुणोत्तर रेषेवरच्या गाडीला तर मुळीच नको.

पर्यायी सामानालाही हेच गुणोत्तर लागतं हे लोकांच्या लक्षात येत नाही. तिकडे २,००० युरोचं कार्बन पॅकेज दिसायला किरकोळ वाटतं. याच हिशेबाने ते इथे पावणेतीन-तीन लाखांचं होतं, आणि त्यावर रोड टॅक्स वेगळा.

५. एक्स-शोरूम ते वरळी नाका

महाराष्ट्रात इथे बनलेल्या, वैयक्तिक नावावरच्या, २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे. आयात गाडीला मात्र २० टक्के. कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीलाही २० टक्केच, त्यामुळे 'सीए म्हणतो कंपनीच्या नावावर घे' हा वाद आयात गाडीपुरता तरी रोड टॅक्सच्या मुद्द्यावर निकालात निघतो. कराची कमाल मर्यादा १ जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली. दीड कोटीची गाडी या मर्यादेला टेकते, त्यापुढे टॅक्स वाढत नाही. जुन्या लेखांत २० लाखांची मर्यादा दिसली तर तो हिशेब बाद समजा. त्याहून जुन्या तक्त्यांत जकातही सापडते. ती २०१७ च्या जुलैत गेली.

आपल्या १ कोटी १३ लाखांच्या गाडीचं मग असं होतं: रोड टॅक्स २२.६ लाख. टीसीएस, म्हणजे विक्रेता तुमच्याकडून आधीच घेऊन सरकारला भरतो तो प्राप्तिकर, १ टक्का, १.१३ लाख, हा रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण आज खिशातून जातोच. विमा चारेक लाख धरून ठेवा. बेरीज १ कोटी ४१ लाखांच्या आसपास.

विम्यात झीरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) घ्याच. त्याहून आधी इंजिन प्रोटेक्शन घ्या. हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात इंजिनने पाणी ओढलं तर साधी पॉलिसी अनेकदा हात वर करते. बुटकी गाडी, खाली असलेला एअर इनटेक आणि जुलैची भरती, यापुढे काही लिहायला नको. आणि विमा डीलरकडूनच घ्यायला हवा अशी सक्ती नाही. बाहेरून दोन-तीन कोटेशन आणून समोर ठेवलीत की डीलरचा आकडा आपोआप खाली येतो.

नंबरचा शौक असेल तर तो स्वतंत्र खर्च. २०२४ च्या दरवाढीनंतर मुंबईत चारचाकीच्या ०००१ ला ६ लाख सरकारी शुल्क आहे.

टॅक्स वाचवायला दुसऱ्या राज्याची पाटी लावून देणारे लोक भेटतील. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात राहिली तर इथे पुन्हा नोंदणी आणि इथला कर भरावाच लागतो. पिवळी किंवा भगवी परफॉर्मन्स गाडी परराज्याच्या पाटीने मरीन ड्राइव्हवर लपून राहील, ही कल्पनाच गमतीची आहे.

६. स्पेसिफिकेशन वाचताना

जर्मन ब्रोशर बाजूला ठेवा, ब्रिटनचं किंवा ऑस्ट्रेलियाचं उघडा. आपल्याकडे उजव्या स्टिअरिंगची गाडी येते, आणि डाव्या स्टिअरिंगला मिळणारी प्रत्येक गोष्ट, विशेषतः मॅन्युअल गिअरबॉक्स, उजवीकडे मिळतेच असं नाही.

ताकदीचे आकडे तीन एककांत येतात. १९५ किलोवॉट, २६५ पीएस आणि २६१ बीएचपी ही एकच ताकद आहे. 'भारतात चार हॉर्सपॉवर कमी दिले' अशा तक्रारी यातूनच जन्मतात. पण खरोखर कमी ताकद देतात असंही घडतं. सातव्या पिढीची गोल्फ आर युरोपात २२१ किलोवॉटची होती, ऑस्ट्रेलियात मात्र सुरुवातीला २०६ चीच आली, कारण दिलं होतं उष्ण हवामानाचं. म्हणून गरम देशांतला आकडा आपल्या जास्त जवळचा समजावा.

अमेरिकी रिव्ह्यूमधला शून्य ते साठ हा मैलांतला आकडा आहे, म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटरपर्यंतचा. त्यातून तिथले अनेक जण पहिला फूटभर मोजतच नाहीत. आपल्या शून्य ते शंभरशी त्याची तुलना करू नका.

इंधनाच्या झाकणामागे किमान ऑक्टेन लिहिलेलं असतं, ते बघा. ९८ मागणारी गाडी असेल तर १०० ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या रोजच्या वाटेवरच्या कुठल्या पंपावर मिळतं ते आधी हेरून ठेवा. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० डिसेंबर २०२० पासून मिळतं, पण प्रत्येक पंपावर नाही.

आता तो टेप. मुंबईत गाडीची खरी चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये होते. स्टॅक पार्किंगच्या खांबावर वजन आणि उंचीची पाटी असते, ती वाचा, आणि मग पत्र्याच्या दोन उभ्या कडांमधलं अंतर स्वतः मोजा. पाटीवरची रुंदी आणि प्रत्यक्षातली यांत फरक निघतो. एम२ आरसे सोडून १,८८७ मिलिमीटर रुंद आहे, मागे २० इंची रिम. कडेला दोन बोटं जागा उरली तर रोज रात्री रिमला चरे पडणार. मग रॅम्प. उतार सपाट जमिनीला मिळतो तिथे पुढचा ओठ घासतो. पुढच्या चाकापासून बंपरच्या टोकापर्यंतचं अंतर आणि बंपरची जमिनीपासूनची उंची टेस्ट ड्राइव्हच्या गाडीवर मोजून घ्या. सेल्समन जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. शक्य असेल तर तीच गाडी घरापर्यंत आणून रॅम्पवरून उतरवा. चांगले डीलर याला नाही म्हणत नाहीत.

७. बुकिंगच्या कागदावर काय हवं

सगळ्या बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ असते: किंमत डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती. म्हणजे रुपया घसरला, कर बदलला, तर भार तुमच्यावर. ही ओळ काढून मिळत नाही. पण दोन गोष्टी लिहून मिळतात: कर कमी झाल्यास फायदा तुम्हाला मिळेल, आणि किंमत अमुक टक्क्यांहून जास्त वाढल्यास बुकिंगची पूर्ण रक्कम परत. ईमेलवर घेतलीत तरी चालेल, फोनवर नको.

उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारा. आयात गाड्या कधीकधी यार्डात महिनोन्‌महिने पडून असतात आणि नव्या वर्षात जुन्या वर्षाची गाडी गळ्यात पडते.

'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक्स', 'एसेन्शियल किट' या ओळी बिलात दिसल्या तर कशाबद्दल ते विचारा आणि नको असेल तर खोडायला लावा. मर्यादित गाड्यांच्या वेळी 'किट घेतलंत तरच अलॉटमेंट' असं तोंडी सांगतात. ते लेखी मागितलं की सूर बदलतो.

८. कागदपत्रं

तुमच्याकडून: पॅन, आधार, मुंबईतला पत्त्याचा पुरावा, फोटो, कंपनीच्या नावावर असेल तर जीएसटी प्रमाणपत्र आणि संचालकांचा ठराव, कर्ज असेल तर बँकेचं मंजुरीपत्र. रोख दोन लाखांच्या आतच, बाकी सगळं बँकेतून.

डीलरकडून: कर बिल, विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२, विमा पॉलिसी, रोड टॅक्सची पावती, टीसीएसचं प्रमाणपत्र, आणि आयात गाडी म्हणून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे भरलेल्या आयात कागदाची प्रत. ही शेवटची प्रत 'आमच्याकडे राहते' असं सांगतात. मागून घ्या, पुढे गाडी विकताना घेणारा तीच विचारतो. नोंदणी तुमच्या पत्त्याप्रमाणे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या आरटीओत होते.

चेसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा आणि बिल ऑफ एंट्री, फॉर्म २१ आणि पॉलिसी, तिन्हीवर अक्षर-अक्षर जुळवा. एखादं अक्षर चुकलं असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी दुरुस्त करून घ्या. त्यानंतर त्याच दुरुस्तीसाठी शोरूमच्या चकरा तुम्हाला माराव्या लागतात.